चौदा नंबरचा ढीग

नोरीन टॅटरसॉल खाली बसताना जो आवाज काढते, तो ऐकून आमच्याकडची कबुतरं जागा बदलतात. सुस्कारा म्हणावा तर त्याला चांगला ठसका आहे, कण्हणं म्हणावं तर त्यात थोडा विजयही आहे. लांबी म्हणाल तर बस थांब्यावर येऊन, दोन म्हाताऱ्या उतरवून, पुन्हा सुटेपर्यंत तो चालतो. मी बस डेपोत वेळापत्रकं लावतो, तेव्हा ही मोजणी उगाच केलेली नाही. उठताना तिचा आवाज वेगळा असतो आणि त्यामागोमाग एक शब्द येतो. तो इथे देत नाही. हे घरातली सगळी मंडळी वाचणार.

नोरीन शहात्तर वर्षांची आहे. उंची बेताची, रुंदी सढळ, आणि डोक्यावर बाराही महिने एकच लोकरी टोपी. लँकाशरच्या डोंगरउतारावर, बंद पडलेल्या गिरणीच्या मागे, नगरपालिकेने गावकऱ्यांना भाजीपाला लावायला वर्षाच्या भाड्याने दिलेले बावीस तुकडे आहेत. त्यातला चौदा नंबर तिचा, पंधरा माझा. मधे कुंपण नाही, गूजबेरीची चार झुडपं आहेत आणि ती दोघांनाही सारखंच ओरबाडतात. या गावात मी सव्वीस वर्षं काढली, त्यातली अकरा नोरीनच्या शेजारी. म्हणजे अकरा वर्षं मला माझ्या स्वतःच्या घरातली कुठलीही वस्तू सुखाने कचऱ्याच्या डब्यात टाकता आलेली नाही.

"बायकोला सांग, नारळ फोडलास की करवंट्या टाकू नकोस," हा तिचा पहिला निरोप. माझ्या बायकोला, वासंतीला, वाटलं की म्हातारीला खोबरं हवं असेल आणि मागायला लाजत असेल. तिने अख्खा नारळ पाठवला. नोरीनने खोबरं परत पाठवलं आणि करवंट्या ठेवून घेतल्या. त्यांत चरबी वितळवून ओतली, दाणे घातले आणि थंडीत हॉथॉर्नच्या काटेरी फांदीला टांगल्या. अंगठ्याएवढे निळे-पिवळे टिट पक्षी उलटे लटकून त्यावर असे काही तुटून पडले की वासंती म्हणाली, "माझ्या सोलकढीचं कौतुक या घरात असं कधी कोणी केलं नाही."

चौदा नंबरवर जे काही आहे ते पूर्वी दुसरं काहीतरी होतं. बेडकांचं तळं म्हणजे कोणाच्या तरी न्हाणीघरातला टब. त्याला अजून गरम आणि थंड असे दोन नळ आहेत आणि बेडूक नेहमी गरम नळाच्या बाजूला बसतात असं नोरीन शपथेवर सांगते. वाटाण्याची रोपं वाढतात टॉयलेट पेपरच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळकांड्यांत. ती नळकांडी ती सगळ्या गल्लीतून गोळा करते, त्यामुळे कोणाच्या घरी पोटं बिघडली आहेत हे तिला डॉक्टरच्या आधी कळतं. टोमॅटो बांधायला फाटके नायलॉनचे पायमोजे. कोवळ्या लेट्यूसवर बूड कापलेल्या दुधाच्या बाटल्यांच्या टोप्या. गोगलगाईंना अडवायला अंड्यांची टरफलं. त्यावरून गोगलगाई जात नाहीत असा एक समज आहे. आमच्याकडच्या खुशाल जातात. हे मी नोरीनला दाखवून दिलं तेव्हा ती म्हणाली, "जातात रे, पण जाताना त्यांच्या मनाला लागतं." आणि आयव्हीच्या वेलात, पाणी निथळावं म्हणून चोच खाली करून बांधलेली, तिच्या नवऱ्याची, लेनची, तपकिरी चहाची किटली. झाकण फुटलं तेव्हा लेन होता. आता नऊ वर्षं तो नाही आणि किटलीत दर वसंतात रॉबिन पक्षी पिल्लं काढतो.

हे सगळं तिला कुठल्या पुस्तकाने किंवा टीव्हीवरच्या कार्यक्रमाने शिकवलेलं नाही. ती एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती. रोज अडीचशे पोरांचं जेवण रांधायचं आणि त्यातलं शंभर पोरांचं परत खरवडून पिंपात टाकायचं. पूर्वी ते पिंप डुकरांना जायचं, तेव्हा तिची काही तक्रार नव्हती. डुकरं पोरांपेक्षा मनापासून खायची. मग नियम बदलला आणि ते नुसतंच कचऱ्याच्या गाडीत जायला लागलं. कुस्करलेले बटाटे, गाजरं, कस्टर्ड, सगळं. "एकतीस वर्षं मी टाकलं, राजा," ती मला एकदा म्हणाली. "माझ्या वाटणीचं टाकून संपलं. आता दुसऱ्यांनी टाकावं."

राहता राहिला ढीग. तुकड्याच्या मागच्या कोपऱ्यात, हॉथॉर्नखाली, नोरीनचा तो प्रसिद्ध ढीग होता. चर्चच्या आवारातली वाळलेली पानं, छाटलेल्या फांद्या, जिन्यावरच्या जुन्या गालिच्याचा तुकडा, कोणीतरी टाकलेल्या कपाटाचा आडवा ठेवलेला खण. बघणाऱ्याला तो नुसता पसारा दिसायचा. पण त्यात एक हेजहॉग राहायची. साळिंदराची गरीब, बुटकी नातेवाईक म्हणा, अख्खा हिवाळा झोपून काढणारी. उन्हाळ्यात संध्याकाळी ती गोगलगाई खात फिरायची आणि खाताना तोंडाचा इतका आवाज करायची की शाळेच्या भोजनगृहाची आठवण येते असं नोरीन म्हणायची. तिला नाव दिलेलं नव्हतं. मी सुचवली होती दोन-तीन.

"नको," नोरीन म्हणाली. "नाव ठेवलं की काळजी लागते. आता नवीन काळजी घ्यायला माझ्यात त्राण नाही."

त्राण नव्हतं हे खरं. गेल्या वर्षी तिचे गुडघे पार गेले. फाटकापासून चौदा नंबरपर्यंत शंभर पावलं आहेत आणि ती त्यात तीनदा बसायची: एकदा पाण्याच्या नळापाशी, एकदा वाटेतल्या तुकड्यावरच्या, सेल्विनच्या बाकावर, एकदा माझ्या उलट्या बादलीवर. तीन बैठका, तीन आवाज. मी माझ्या तुकड्यावरच्या अवजारांच्या झोपडीत असलो तरी ती कुठवर आली ते मला नुसतं ऐकून कळायचं.

सप्टेंबरात तिला चिठ्ठी आली. चिठ्ठी लिहिणारा ग्रॅहम एन्टविसल, आमच्या समितीचा सचिव. निवृत्त होण्यापूर्वी तो पाण्याचे मीटर तपासायचा, आणि अजूनही माणसाकडे बघताना आधी त्याच्या छातीच्या उंचीवर कुठेतरी आकडे शोधतो. त्याच्या तुकड्यावर लीकच्या, म्हणजे जाड पातीच्या कांद्याच्या, कांड्या अशा उभ्या असतात की आता राष्ट्रगीत लागेल असं वाटावं. सतरा वर्षं तो सचिव आहे. दर वार्षिक सभेत "मी थकलो आहे, दुसऱ्या कोणीतरी घ्या" असं तो म्हणतो, सभा त्याचे आभार मानते, आणि सगळे हात खिशात घालतात.

चिठ्ठीत लिहिलं होतं की नियम नऊप्रमाणे तुकड्यावर घरगुती टाकाऊ वस्तूंचा साठा करता येत नाही, सहा नोव्हेंबरच्या तपासणीपर्यंत तो हटवावा, अन्यथा तुकडा काढून घेऊन प्रतीक्षायादीतल्या पुढच्या नावाला देण्यात येईल. यादीत एक्केचाळीस नावं होती.

नोरीनने ती चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घातली आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली ठेवली. टेबल डगमगायचं थांबलं. मग ती ग्रॅहमकडे गेली. चार बैठका लागल्या.

"टाकाऊ म्हणजे कुठली वस्तू, ग्रॅहम? बोट दाखव."

"नोरीन, तो टब आहे."

"तळं आहे ते."

"त्याला नळ आहेत."

"तुझ्या तळ्याला नाहीत म्हणून जळू नकोस."

"हे बघ," ग्रॅहम नाकाचा शेंडा चोळत म्हणाला, "समोरच्या रस्त्यावर राहणाऱ्या लोकांनी तक्रार केलीय. लेखी. मला काय हौस आहे? तुला सोडलं तर उद्या बाकीचे एकवीस जण कपाटं आणून ठेवतील."

"आणि त्या कोपऱ्यात झोपते तिचं काय?"

"नियमात तिच्याबद्दल काही नाही."

"मग घाल की. तूच लिहिलेत ना नियम?"

ग्रॅहमने पुन्हा नाक चोळलं. नियम त्यानेच लिहिले होते, हाताने, आणि त्यातल्या चुका गेली सतरा वर्षं त्याची झोप खात होत्या.

खरं सांगायचं तर नोरीनने प्रयत्न केला. तीन रविवार ती पसारा आवरायला आली. पण तिने एखादी वस्तू टाकायला उचलली की त्या वस्तूचं नशीब उजळायचं. फुटकं मडकं उचललं, तर "याखाली बेडूक बसेल" म्हणून छायेत ठेवलं. गंजलेली चाळण उचलली, तर तिच्यात बटाट्याचं बियाणं ठेवलं. तीन रविवारांनंतर तुकड्यावरून एक मोडकी खुर्ची कमी झाली होती, आणि तीही मला दिली होती.

तिसऱ्या रविवारी ती माझ्या बादलीवर बसली ती बराच वेळ उठली नाही.

"जाणार बघ हा तुकडा माझ्या हातून," ती म्हणाली. "बरोबर आहे ग्रॅहमचं. एक्केचाळीस माणसं थांबलीत. माझ्या गुडघ्यात काही उरलं नाही. पण मग करू काय? घरी मी बसते आणि टीव्ही माझ्याकडे बघत बसतो. इथे निदान बेडूक बघतात. त्यांना माझ्याकडून काही हवं असतं."

मी "असं काही होणार नाही गं" असं म्हणालो. असं म्हणणाऱ्या माणसाकडे कुठलाही उपाय नसतो, हे तिला आणि मला दोघांनाही माहीत होतं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात तिच्या गुडघ्याची तारीख आली. दोन वर्षं ज्या ऑपरेशनची ती वाट बघत होती ते अठ्ठावीस ऑक्टोबरला ठरलं. त्यानंतर पंधरा दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. म्हणजे सहा तारखेला तपासणी होणार तेव्हा ती आपल्या खिडकीत पाय वर करून बसलेली असणार.

ती इस्पितळात गेली त्या दिवशी आम्ही काहीजण सेल्विनच्या झोपडीत चहाला जमलो. सेल्विन तीन नंबरवाला. चौतीस वर्षं अग्निशमन दलात आगी विझवल्या आणि आता, दर पाच नोव्हेंबरला इथे गावोगावी होळी पेटते, त्यातली आमच्या तुकड्यांवरची रचायचं काम तो इतक्या प्रेमाने करतो की जणू जुना हिशेब मिटवतोय. गेले दोन दिवस तो गाड्यांवरून लाकडी पॅलेट आणत होता.

ग्रॅहमही आला. चहाच्या कपात बघत म्हणाला, "मी सचिव म्हणून तुम्हाला काहीच सांगत नाहीये. पण शनिवारी सकाळी मी हातमोजे घालून चौदा नंबरवरून चाललो असेन, आणि तिथे कोणी काही उचलत असेल तर मी दुसरं टोक धरीन."

मग सगळ्यांना उत्साह चढला. बिचारी इतकी वर्षं एकटी राबते, तिला घरी आल्यावर कळू दे की आपला तुकडा वाचला, आणि तोही लख्ख होऊन. आम्ही जे केलं ते पूर्ण प्रेमाने केलं. इथली माणसं अशीच आहेत. तोंडावर दोन शब्द गोड बोलायचे नाहीत आणि पाठीमागे तुमचं कुंपण रंगवून ठेवायचं. सव्वीस वर्षांत मलाही ती सवय लागली आहे.

शनिवारी आम्ही सातजणांनी चौदा नंबर साफ केला. टबाला हात लावला नाही, कारण त्यात बेडूक होते आणि तो जड होता. वरून फळी टाकून त्याला बाक केलं. किटली वेलात होती, ती कोणाला दिसली नाही. बाकी गेलं. चाळणी, मडकी, बाटल्या नगरपालिकेच्या कचराकेंद्रावर. आणि लाकूड-पाला होता तो सगळा सेल्विनच्या होळीवर. दोन पावलांवर होळी रचली जात असताना फांद्या गाडीत घालून गावाबाहेर कोण नेणार? वाटाण्याच्या वाफ्यात उभं असलेलं नोरीनचं बुजगावणंसुद्धा सेल्विनने नेलं. होळीच्या शेंड्यावर बसवायला एक बाहुला लागतोच, हा आयता मिळाला.

कोपऱ्यातला ढीग मी नेला. एकचाकी ढकलगाडीवर, चार फेऱ्यांत. पानांनी गच्च भरलेला तो खण उचलताना जड लागला. ओली पानं असतील असं मी मनात म्हणालो आणि होळीच्या तळाशी सरकवून दिला. हेजहॉग? ती मला आठवली होती. अगदी आठवली होती. पण मला वाटलं, एवढ्या धांदलीत ती कधीच उठून दुसरीकडे गेली असेल. मी बसच्या वेळापत्रकातला माणूस. जो तो आपापल्या वेळेला आपोआप निघतो असं मी गृहीत धरतो.

पाच तारखेला दुपारी दोन वाजता मी अर्धी रजा घेऊन पॅलेट उचलायला गेलो, तर फाटकाशी टॅक्सी उभी. आतून आधी दोन कुबड्या आल्या, मग लोकरी टोपी.

"तुला घराबाहेर पडायचं नाहीये," मी म्हणालो.

"पडले कुठे? दारातच टॅक्सीत बसले. घराबाहेर पडला तो टॅक्सीवाला. कोबीवर जाळी टाकलीस का? कबुतरं टपलीत."

शंभर पावलं तिने कुबड्यांवर काढली, एकदाही न बसता. मी मागून चाललो होतो आणि मला सांगायचं होतं, पण काय सांगायचं ते सुचत नव्हतं. चौदा नंबरपाशी ती थांबली. तुकडा धुतलेल्या ताटासारखा स्वच्छ होता. वाफ्यांच्या कडा ग्रॅहमने दोरी लावून सरळ केल्या होत्या.

तिने इकडून तिकडे पाहिलं. मग फळी टाकलेल्या टबावर बसली. आवाज न काढता बसली. अकरा वर्षांत ती शांतता मी कधी ऐकली नव्हती.

"छान केलंत," ती म्हणाली. "खूप काम झालं असेल तुम्हाला." आणि जरा वेळाने, "कोपऱ्यातला ढीग कुठाय?"

मी होळीकडे बोट दाखवलं. दोन पुरुष उंचीची, खालून वर निमुळती, सेल्विनची या वर्षीची कलाकृती. शेंड्यावर बुजगावणं.

"खण?"

"तोही."

"कोणी उचलला?"

"मी."

"जड होता?"

मी होकाराची मान हलवली. ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त दमलेली दिसली, इतकी दमलेली की आता रागावणं म्हणजे आणखी एक जिना चढणं.

मग ती उठली, होळीपाशी गेली, एक कुबडी मला धरायला दिली आणि एका हाताने बाहेरची एक फळी ओढायला लागली.

सेल्विन धावत आला. "अगं ए, नोरीन! काय करतेस? तीन दिवस लागले रचायला!"

"मला एक खण हवाय. तळाशी आहे."

"तळाशी? अगं, साडेसहाला पेटवायची आहे. सगळी गल्ली येणार. होळीला वाटायचे काळे वाटाणे शिजायला टाकलेत!"

"शिजू दे. मी काढते माझी माझी. तू बस."

एका गुडघ्याची, कुबडीवरची शहात्तर वर्षांची बाई आपल्यासमोर होळीची एकेक फळी काढतेय आणि आपण बाकावर बसलोय, हे चित्र चौतीस वर्षं अग्निशमन दलात काढलेल्या माणसाला किती वेळ सहन होणार? सेल्विनने दोनदा आकाशाकडे पाहिलं, एकदा मला शिव्या दिल्या, आणि शिडी आणली. मग ग्रॅहम आला. वासंती वाटाण्याच्या पातेल्यासाठी व्हिनेगर घेऊन आली होती, तिने बाटली ठेवून पदर नाही पण कोटाच्या बाह्या वर केल्या.

"खण जड लागला तर आत बघायचं नाही का तुम्ही?" ती मला मराठीत म्हणाली.

"ओली पानं वाटली."

"घरात भाजीची जुडीसुद्धा तीनदा उलगडून बघता."

आधी बुजगावणं उतरवलं. नोरीनने त्याच्याकडे पाहिलं. "लेनचा शर्ट आहे तो."

सेल्विनने शिडीवरूनच विचारलं, "काढून देऊ?"

"राहू दे. तसाही त्याला उंचावरून बघायला आवडायचं. बटणं तेवढी काढून घे."

नोव्हेंबरात चारनंतर उजेड जाऊ लागतो. आम्ही अडीचपासून साडेचारपर्यंत ती होळी उलटी रचली. म्हणजे वरचं खाली असं करत दहा पावलं पलीकडे दुसरी होळी झाली. हातात कुसळं गेली, ग्रॅहमचा चष्मा पडला, आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं, कारण प्रत्येकाला आपण शनिवारी काय काय उचललं ते आठवत होतं. नोरीन पाण्याच्या पिंपावर बसून एकेक फांदी जाताना बघत होती. "ही माझी, बाजूला ठेव. ही नाही. ही माझी."

तळाशी खण होता. मी त्याच्यापुढे गुडघे टेकले. बाहेरची पानं मोकळी होती, पण आत हात घातला तर पानांवर पानं चिकटवून केलेला, फुटबॉलपेक्षा लहान, घट्ट गोळा लागला. मी हात तिथेच ठेवला. बराच वेळ काही नाही. मग तो गोळा किंचित फुगला आणि पुन्हा बसला.

"आहे," मी म्हणालो.

"जागी?"

"झोपलीय."

"शहाणी आहे," नोरीन म्हणाली. "आपल्या सगळ्यांत ती एकटीच."

सेल्विन, ज्याचा नेहमीचा आवाज तीन गल्ल्यांत जातो, तो कुजबुजत म्हणाला, "आता हिला ठेवायची कुठे?"

सगळ्यांनी चौदा नंबरकडे पाहिलं. तिथे आता एक काडीही नव्हती. झोपेत असलेल्या जिवाला आपल्या जागी परत ठेवायचं तर सगळं परत हवं होतं: फांद्या, पाला, गालिचा, हॉथॉर्नखालचा कोपरा. आणि तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला होती.

ग्रॅहमने चष्मा पुसला. "नोरीन, ढीग परत गेला तर मला लिहावं लागेल. मी नाही लिहिलं तर रस्त्यावरचे लोक नगरपालिकेला लिहितील, मग तिथून माणूस येईल, आणि तो तुला दोन ओळींत काढेल. मी निदान सविस्तर काढीन."

"माहितेय रे. तू काय करणार."

"हिला माझ्याकडे ठेवू का?" मी विचारलं. पंधरा नंबरवर कोपरा होता.

"तुझ्याकडे पाणी साचतं. बुडेल." हे खरं होतं. माझ्या कोपऱ्यात बदक ठेवता आलं असतं.

नोरीन तिथेच पिंपावर बसून आपला तुकडा बघत होती, पुढच्या वाफ्यांपासून मागच्या हॉथॉर्नपर्यंत. मग तिने कुबडीने मधे हवेत एक रेघ ओढली.

"ग्रॅहम, अर्धा घे."

"काय?"

"पुढचा अर्धा. तुम्ही घासूनपुसून ठेवलाय तो. दे यादीतल्या पहिल्या माणसाला. मागचा अर्धा मला राहू दे, ढिगासकट."

"नोरीन, चाळीस वर्षांचा वाफा आहे तो. लेनने खणलेला."

"मग खणायला सोपा जाईल कोणाला तरी. मला आता पुढचा अर्धा होत नाही, ग्रॅहम. गेली दोन वर्षं होत नाही. मी कोणाला सांगितलं नाही इतकंच. एक गुडघा नवा, एक जुना. त्यात अर्धाच बसतो."

ग्रॅहम उभ्या उभ्या आपल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून नियमांची वही काढून चाळायला लागला. अंधारून आलं होतं, वासंतीने फोनचा दिवा धरला. तो पुटपुटत पान उलटत होता. मग थांबला.

"नियम सतरा," तो म्हणाला. "तुकड्याची विभागणी झाल्यास दोन्ही भागांचे नवे करारनामे करावेत. नव्या करारनाम्यानंतर पहिली तपासणी एक वर्षाने करावी." त्याने वही मिटली. "माणसाला जम बसवायला वेळ हवा म्हणून घातलं होतं मी हे."

"चांगलं घातलंस," नोरीन म्हणाली.

"आणि वर्षानंतर?"

"वर्षानंतर तू दमलेला असशील, मी दमलेली असेन. बघू तेव्हा कोण जास्त."

ग्रॅहम हसला नाही, पण पेन काढलं. शिडीवर कागद ठेवून तिने सही केली. सही करताना तिचा हात थांबला, पुढच्या वाफ्यांकडे एकदा वळून तिने पाहिलं आणि मग नावाचं उरलेलं अर्धं लिहून टाकलं.

खण आम्ही चौघांनी देवाच्या पालखीसारखा नेला. खाली ठेवून नोरीनने सांगितलं त्या क्रमाने वर रचलं: पाला, फांद्या, गालिचा, पुन्हा फांद्या. "गालिच्याचं तोंड तिकडे नको, पाऊस त्या बाजूने येतो. अरे, डावीकडे. तू बस डेपोत डावंउजवं कसं ओळखतोस?" दोनदा उसकटून तिसऱ्यांदा तिच्या मनासारखं झालं. मग ती टबावर बसली, आणि तो आवाज आला. थांब्यावर येऊन, दोघींना उतरवून, पुन्हा सुटेपर्यंतचा. गिरणीच्या छपरावरची कबुतरं उडाली. मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. या वेळी बस जरा उशिराच सुटली.

होळी पाऊण तास उशिरा पेटली आणि ती या वर्षी बुटकी होती. लोक म्हणाले, सेल्विनचं वय झालं. तो निखारे सारत राहिला. आम्ही व्हिनेगर घातलेले काळे वाटाणे कागदी पेल्यांतून खाल्ले, आणि ते संपल्यावर नोरीनने सगळ्यांकडून पेले परत मागून घेतले. वीस पेले, रोपांसाठी. लेनच्या शर्टाची सहा बटणं तिच्या कोटाच्या खिशात होती.

पुढच्या अर्ध्यावर जानेवारीत एक तरुण जोडपं आलं. सहा वर्षं यादीत थांबलेलं. उत्साहाने ओसंडणारं. पहिल्याच शनिवारी त्यांनी दुकानातून लाकडी वाफ्यांचे तयार संच आणले, नवी कोरी खुरपी आणली, आणि पक्ष्यांसाठी एक रंगवलेलं घरटं आणलं, ज्यावर "पक्षी" असं लिहिलेलं होतं. पक्ष्यांना कळावं म्हणून असेल. नोरीन तिच्या टबावर बसून बघत होती. लेनच्या मातीत ते पहिलं फावडं मारत होते तेव्हा ती तिकडे बघत नव्हती, मागे ढिगाकडे बघत होती. तिथे काही हालचाल नव्हती. मार्चअखेरपर्यंत असणारही नाही.

मुलीने संचांची भलीमोठी पुठ्ठ्याची खोकी उघडून मोडायला घेतली.

"ती टाकणार का तुम्ही?" नोरीनने विचारलं.

"हो, का?"

"काही नाही," नोरीन म्हणाली. "मी फार दमलेय, बाळ. मला उठवत नाही. इकडे आणून दे."